पाणी फोडणारे गावंडे मिस्त्री

गावंडे मिस्त्रींनी मला पहिल्याच दिवशी गॅसघराच्या दारातून परत पाठवलं होतं, आणि तेही साडीवरून.

ही अठ्ठावन्न सालची गोष्ट. अमरावतीला बी.एस्सी. होऊन मी अकोल्याच्या एका वनस्पती तुपाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत लागले होते. माझे वडील वकील. मुलगी कारखान्यात जाणार हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं, पण नाही म्हणायला कायद्यात आधार सापडेना, म्हणून गप्प बसले. अकोल्याला मावशीकडे राहायचं आणि वर्षभरात कंटाळून परत यायचं, असा माझ्याबद्दल घरच्यांचा अंदाज होता. मी मात्र पहिल्या दिवशी मिरवायला नवीकोरी नायलॉनची साडी नेसून गेले. तेव्हा नायलॉनची साडी अंगावर असली की बाई रस्त्यातून चालताना इकडेतिकडे बघत नसे. लोक आपल्याकडे बघताहेत हे तिला न बघताच ठाऊक असे.

गॅसघराच्या दारात लाकडी स्टुलावर एक काळासावळा, मजबूत बांध्याचा माणूस बसला होता. खाकी चड्डी, पांढरी बंडी, डोक्याला टोपी आणि पायात टायरच्या चपला. चपलेला खिळा म्हणून नाही.

‘‘कोन तुमी?’’

‘‘मी नवीन केमिस्ट. गॅसचा नमुना घ्यायला आलेय.’’

‘‘काडीपेटी?’’

माझ्या पिशवीत बर्नर पेटवायची काडीपेटी होती. ती त्यांनी काढून घेतली आणि दाराशी भिंतीत केलेल्या कोनाड्यात ठेवली. तिथे आधीच सात-आठ काडीपेट्या, दोन बिडीची बंडलं आणि कुणाची तरी चिलीम होती. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

‘‘हे लुगडं कशाचं हाये?’’

‘‘नायलॉनचं,’’ मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

‘‘मंग घरी जा. हे अंगाले घासलं का ठिनगी पडते, अन् आत हायड्रोजन हाये. तुमचं लुगडं जाईन, तुमी जासान, मी जाईन, अन् मोठ्या साहेबाले उगाच दोन घरी पत्र लिवा लागन.’’ आणि मी वळल्यावर मागून, ‘‘कापसाच्या मुलखात राह्यता अन् हे काहून नेसता, बाई?’’

मी रागाने लाल होऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी मावशीची जाडीभरडी सुती साडी नेसून गेले. त्यांनी स्टुलावरून उठून दार उघडलं आणि म्हणाले, ‘‘आता कशा मानसासारख्या दिसून राहिल्या.’’ पुण्यातल्या माणसाला हे वाक्य ऐकून फेफरं आलं असतं. आमच्या वऱ्हाडात ही शाबासकी असते, हे मला अमरावतीची असल्यामुळे कळलं.

गॅसघर म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर गावंडे मिस्त्री कळणार नाहीत. कारखान्यात सरकीचं तेल यायचं. त्या पातळ तेलात हायड्रोजन मुरवला की ते तुपासारखं थिजतं. तो हायड्रोजन आम्ही पाण्यातून काढत होतो. लांबट पत्र्याच्या छपराखाली छत्तीस लोखंडी पेट्या ओळीने मांडलेल्या. त्यांना आम्ही सेल म्हणत असू. प्रत्येकीत कॉस्टिक सोडा घातलेलं पाणी, दोन बाजूंना दोन पत्रे आणि मध्ये ॲस्बेस्टॉसच्या कापडाचा पडदा. वीज सोडली की एका पत्र्यावर हायड्रोजनचे बुडबुडे, दुसऱ्यावर ऑक्सिजनचे. पडदा अशासाठी की दोन्ही वायू एकमेकांत मिसळू नयेत. मिसळले तर नुसत्या ठिणगीने छप्पर उडेल. ऑक्सिजनच्या बाजूच्या पत्र्यावर निकेल चढवलेलं असे, कारण निकेल असलं की पाणी कमी विजेत फुटतं आणि निकेल स्वतः जसंच्या तसं राहतं. अशा पदार्थाला पुस्तकात उत्प्रेरक म्हणतात. गावंडे मिस्त्री त्याला पंच म्हणत.

‘‘पाहा बाई, हायड्रोजन अन् ऑक्सिजन हे नवराबायको. घट्ट संसार. त्यायची फारकत कराची म्हटलं तर भांडन होते, वीज लागते. पंच चांगला असला का कमी भांडनात काम होते. पंच बेकार असला का मंग द्या वीज, अजून द्या वीज. अन् पंच स्वतः कोनाच्या घरी राह्यत नाई. काम झालं का टोपी झटकून घरी.’’

मी पुढे अनेक वर्षं अमरावतीच्या कॉलेजात हेच शिकवलं. नवराबायको वगळून शिकवलं, म्हणून मुलींना कळायला वेळ लागला.

स्वतः मिस्त्रींचं शिक्षण सातवीपर्यंत. गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथे काळी जमीन सोन्यासारखी, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारट. बाया गोड पाण्यासाठी दोन-दोन कोस जात. असल्या गावचा माणूस आयुष्यभर शुद्ध पाणी फोडत बसला, हे त्यांच्या आईला मुळीच पटत नव्हतं. ती दिवाळीला अकोल्याला आली की शेजारणींना सांगे, ‘‘मायं पोरगं पानी फोडते म्हने. आमी डोक्यावर आनू आनू मरून राहिलो, अन् हा फोडते. पाप नाई लागत का वं?’’

हे एकदा मिस्त्रींच्या मनाला लागलं. एवढा नियमांचा माणूस, पण त्या दिवाळीत त्यांनी नियम मोडला आणि मलाही सामील करून घेतलं. फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये हायड्रोजन भरला. मी प्रयोगशाळेतून बारीक तोंडाची काचेची नळी आणली. भरदुपारी त्यांच्या अंगणात आम्ही नळीच्या तोंडाशी वायू पेटवला. ज्योत दिसतच नव्हती. दिसत होती ती फक्त वरची थरथरणारी हवा. मिस्त्रींनी गार पाण्याने भरलेला पितळी लोटा त्या ज्योतीवर धरला. लोट्याच्या बुडाला धुकं धरलं, धुक्याचे थेंब झाले, आणि एक थेंब ओघळून खाली आला. म्हातारीने तो बोटावर घेऊन चाखला.

‘‘गोड हाये रे, मादेवा!’’

‘‘पाह्यलं? मी फोडतो, अन् पेटवलं का थे पुन्हा एक होते. पानी कुठी जात नाई, माय. मंग कायचं पाप?’’

म्हातारी लोट्याच्या बुडाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, ‘‘अन् घागर भराले किती दिवस लागतीन?’’ मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मी मिस्त्रींकडे. पापाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही, पण घागरीचा निघाला. दर दिवाळीला.

दसऱ्याचं एक सांगते. वर्षातून एकदा कारखान्यात यंत्रांची पूजा होई. नव्याने आलेल्या गुरुजींना गॅसघराची कल्पना नव्हती. ते पेटतं निरांजन, उदबत्ती आणि कापूर घेऊन सरळ दारात आले. मिस्त्रींनी त्यांना माझ्यासारखंच अडवलं. गुरुजी म्हणाले, अग्नीशिवाय पूजा होत नाही. मिस्त्री म्हणाले, अग्नी आत आला तर पुढच्या दसऱ्याले पूजा करायले कोनी उरत नाई. बरंच ताणून झाल्यावर तोड निघाली: आरती चाळीस पावलांवरून, मोकळ्या पटांगणात, तोंड गॅसघराकडे करून, आणि आत फक्त फुलं, हळद, कुंकू. गुरुजींनी आत येऊन पहिल्या सेलला हळदीचं बोट लावलं, आणि बघता बघता ती हळद लालभडक झाली. गुरुजींचे हात थांबले. ‘‘देवीचा साक्षात्कार!’’ असं म्हणून त्यांनी डोळेच मिटले.

मला हसू आवरेना. हळदीला कॉस्टिक लागलं की ती लाल होते, कपड्यावरचा हळदीचा डाग साबणाने लाल होतो तशीच. म्हणजे त्या सेलच्या सांध्यातून कॉस्टिक झिरपत होतं. मी ते सांगितल्यावर सगळे हसले. मिस्त्री मात्र हसले नाहीत. ते गुरुजींच्या तबकातली उरलेली हळद घेऊन एकेका सेलच्या सांध्याला बोट लावत निघाले. छत्तीस सेलमध्ये पाच ठिकाणी हळद लाल झाली. दुसऱ्या दिवशी पाचही सांधे बदलले गेले. तेव्हापासून दर सोमवारी गॅसघराला हळद लागायची आणि महिन्याच्या सामानाच्या मागणीपत्रात गॅस्केट, नट, बोल्ट यांच्याखाली ‘हळद, पाव शेर’ असं लिहिलेलं असायचं. कोठाराचा कारकून दर महिन्याला ते खोडायचा आणि मिस्त्री दर महिन्याला जाऊन त्याला घेऊन यायचे, लाल सांधा दाखवायला.

त्यांची दुसरी एक सवय होती. सकाळी आल्यावर ते विजेचा धक्का बसू नये म्हणून लाकडी फळीवर उभे राहून, डावा हात पाठीमागे ठेवून, उजव्या हाताची पालथी बोटं प्रत्येक सेलला लावत जात, तापाच्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. ‘‘हा बरा हाये. हा बरा हाये. याले थोडी कणकण हाये.’’ पंच बेकार झाला की वीज जास्त लागते, आणि जास्तीच्या विजेची नुसती उष्णता होते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्यांनी बोटांनी शिकलेलं होतं. मी मागोमाग व्होल्टमीटर घेऊन जाई. त्यांची कणकण आणि माझा काटा यांचं एकदाही भांडण झालं नाही.

आता मुख्य गोष्ट. माझ्या दुसऱ्या वर्षी मुंबईहून कामतसाहेब मोठे साहेब म्हणून आले. हुशार माणूस, परदेशी शिकलेला, शर्टाला कधी सुरकुती नाही. त्यांना गॅसघर बघून किळस आली. छपरामागे पाण्याची जुनी लोखंडी टाकी होती, तिला बोट बोट गंज. तिच्यातून सेलना पाणी जात असे, तेही तांबूस. कामतसाहेबांनी ॲल्युमिनियमची नवी टाकी बसवली, नवे नळ टाकले, सगळे निकेलचे पत्रे ॲसिडने धुऊन आरशासारखे करून घेतले. मीच त्यांना म्हटलं होतं, निकेल जितकं शुद्ध तितकं चांगलं. पुस्तकात तसंच होतं.

तीन-चार आठवड्यांत सेलना ताप भरायला लागला. वीज जास्त, गॅस कमी. त्यातच शहराला वीज अपुरी पडू लागली आणि कारखान्याची वीज कापली गेली. कामतसाहेबांनी हिशेब केला: एवढ्या विजेत अर्धेच सेल चालतील, आणि अर्ध्या सेलना अर्धीच माणसं पुरतील. त्यांनी मिस्त्रींना बोलावून सांगितलं, ‘‘महिनाअखेर मला सहा नावं द्या.’’

गॅसघरात बारा माणसं होती. सहाजण घरी जाणार, आणि कोण ते मिस्त्रींनी ठरवायचं. ते कार्यालयातून बाहेर आले तेव्हा मी त्यांचा चेहरा पाहिला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते एकेका सेलला बोटं लावत फिरत राहिले. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ते प्रयोगशाळेत आले. ‘‘बाई, सतरा, अठरा अन् एकोनीस नंबरले ताप नाई.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘साऱ्यायले हाये. या तिघायले नाई. चाला.’’

ते तीन सेल अगदी कोपऱ्यात होते. नवा नळ तिथवर पोचला नव्हता, म्हणून किसन नावाचा गडी त्यांना अजून जुन्या गंजक्या टाकीतलंच पाणी बादलीने घालत होता. पत्रे धुतलेले होते, तरी पुन्हा त्यांच्यावर तपकिरी पापुद्रा आला होता. मी व्होल्टमीटर लावला. काटा बाकीच्यांपेक्षा खाली, म्हणजे वीज कमी लागत होती. मीटर बिघडलं असेल म्हणून दुसरं आणलं. तेही तेच सांगत होतं.

‘‘गंजामुळे?’’ मी म्हटलं. ‘‘मिस्त्री, असं होऊच शकत नाही. घाणीने पत्रा खराब होतो, सुधारत नाही.’’

‘‘मले काय माईत? मी सातवी शिकलो. तुमी त्या काट्याले इचारा.’’

मी काट्याला पंधरा दिवस विचारलं, रोज चार वेळा. काटा आपल्या म्हणण्यावरून हलला नाही. शेवटी मी वही घेऊन कामतसाहेबांकडे गेले. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला. ‘‘तीन सेल म्हणजे योगायोगही असू शकतो,’’ ते म्हणाले. ‘‘बारा सेलची ओळ गंजक्या टाकीवर घ्या. आठ दिवस चालवा. उतरला व्होल्ट, तर सगळे सेल चालू ठेवू आणि कुणीही घरी जाणार नाही. नाही उतरला, तर सहा नावं.’’ माणूस शब्दाचा होता, हे मी तेव्हाही मानत होते.

ओळ टाकीला जोडली गेली. बाराही जणांना कळलं होतं की आपली भाकरी आता गंजावर अवलंबून आहे. आणि इथे एक गोष्ट घडली, जी फक्त आमच्याकडेच घडू शकते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅसचा नमुना तपासला. हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन येत होता. मी नमुन्याची बाटली तशीच टाकून धावत सुटले. मिस्त्रींनी माझं तोंड बघूनच मुख्य खटका खाली ओढला. दारं, खिडक्या सताड उघडून सगळ्यांना बाहेर काढलं आणि वायू निघून गेल्यावर एकटे आत गेले. तीन सेलमध्ये लालभडक फेस वर आला होता.

झालं होतं ते असं. गंजाने काम होतं, गंज लाल असतो, गेरूही लाल असतो, आणि घर सारवून झाल्यावर भिंतीला लावायचा गेरू प्रत्येकाच्या घरी होताच. किसनने ओंजळभर आणून सेलमध्ये टाकला. तो एकटाच मागे कशाला, म्हणून त्याच्या जोडीच्या करीमनेही आणला. गंज थोडा असून एवढं होतं, तर जास्त टाकला तर किती होईल, असा त्यांचा साधा हिशेब. गेरूत लोखंड होतंच, पण सोबत मातीही होती. त्या मातीने पडद्याच्या कापडाची छिद्रं बुजवली, मग दोन्हीकडचं पाणी वरखाली झालं आणि वायू पडद्याच्या खालून पलीकडे जाऊ लागले.

कामतसाहेब धावत आले. फेस बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. ‘‘हे कुणी केलं?’’

किसन पुढे सरकला होता. मिस्त्रींनी त्याच्या दंडाला धरून त्याला मागे ओढलं.

‘‘माह्या गॅसघरात माह्या बिगर कोन करन, साहेब?’’

‘‘तुम्ही? तुम्ही असलं कराल?’’

‘‘मी मिस्त्री हाये. झालं थे मायं.’’

कामतसाहेबांना खरं काय ते कळलं असावं; पण मिस्त्री माघार घेईनात. ‘‘आठ दिवस घरी बसा,’’ साहेब म्हणाले. ‘‘दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही. आणि परीक्षा ठरल्याप्रमाणे आठ दिवस होईल, उद्यापासून. ह्या बाई चालवतील.’’

मला वाटलं, संपलं. तीन सेल बंद, उरले नऊ, आणि ज्याच्या बोटांना सगळं कळतं तो माणूस बाहेर. मी त्या दिवशी मावशीकडे येऊन जेवले नाही. सहा घरांचं ओझं आपल्या वहीवर आहे, ही काही सुखाची गोष्ट नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली, मिस्त्री बसलेले. शेजारी डबा, पाण्याची सुरई, हातात पंखा.

‘‘तुम्हाला घरी बसायला सांगितलंय ना?’’

‘‘दाराच्या आत पाऊल नाई टाकाचं म्हटलं. हे बाहेर हाये.’’ मग हळूच, ‘‘आकडे आना.’’

मग सात दिवस हेच चाललं. मी आत आकडे घ्यायची, वही घेऊन फाटकापर्यंत यायची आणि गजांतून वाचून दाखवायची. ते डोळे मिटून ऐकत.

‘‘चोवीस नंबर?’’

मी आकडा सांगितला.

‘‘त्याले पानी कमी पडून राहिलं. किसनले सांगा, अर्धी बादली. बादली नाई, अर्धी.’’

खरंच पाणी कमी असायचं. ‘‘सव्वीसचा नट ढिला हाये.’’ खरंच ढिला असायचा. ऊन वाढलं की ते झाडाभोवती सावलीबरोबर सरकत. आतले बाराजण त्या आठवड्यात एकमेकांशीसुद्धा कुजबुजून बोलत होते, जणू मोठ्याने बोललं तर काटा वर जाईल. गेरूचं नाव कुणी काढत नव्हतं. किसनने दोन दिवस जेवणाचा डबा उघडलाच नाही. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी गजांतून त्याच्यावर असा आवाज चढवला की तो उभ्या उभ्या तीन भाकरी खाऊन मोकळा झाला.

पाचव्या दिवशी व्होल्ट उतरायला लागला. आधी इतका थोडा, की मी काट्याकडे डावीकडून, उजवीकडून बघत राहिले. सहाव्या दिवशी शंकेला जागा नव्हती. सातव्या दिवशी कामतसाहेब स्वतः आले, उलट्या डब्यावर बसले आणि दुपारभर माझ्या हातातलं मीटर घेऊन एकेक सेल मोजत राहिले. त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाला पाठीवर गंजाचा पट्टा लागला होता आणि कुणीच त्यांना तो सांगत नव्हतं. शेवटी ते वही घेऊन उठले. मला वाटलं कार्यालयात जातील. ते फाटकाकडे गेले.

‘‘मिस्त्री, व्होल्ट उतरला.’’

‘‘हो जी.’’

‘‘का उतरला?’’

‘‘मले माईत नाई, साहेब.’’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘तुम्हाला?’’

‘‘मलाही नाही.’’

‘‘मलासुद्धा नाही,’’ कामतसाहेब म्हणाले, आणि तिघंही एकदम हसलो. फाटकावरचा पहारेकरीसुद्धा कारण न कळता हसला. साहेबांनी मुंबईच्या अहवालात लिहिलं: ‘लोखंडाच्या अंशाने निकेलच्या पत्र्याचे काम सुधारते. कारण अज्ञात. निरीक्षण महादेव गावंडे यांचे.’ तो अहवाल मीच टंकलिखित केला, म्हणून शब्द न् शब्द पाठ आहे. सहा नावं कुणी मागितली नाहीत. आठवा दिवस मात्र मिस्त्रींना फाटकाबाहेरच काढावा लागला, कारण शिक्षा ती शिक्षा. आणि तो त्यांनी त्याच झाडाखाली घोरत काढला.

पुढे माझं लग्न झालं, अमरावतीला कॉलेजात लागले, आणि गॅसघर सुटलं. निकेलला लोखंडाची साथ का मानवते, हे मी पुस्तकांतून अधूनमधून शोधत असे. शास्त्रज्ञ आता जे सांगतात त्यातलं थोडंफार तेव्हा मला कळलं असतं, तर ते मिस्त्रींना सांगायला पहिली बस धरून अकोल्याला गेले असते.

गेले ते त्यांच्या निवृत्तीला. सदुसष्ट साल असावं. गॅसघरासमोरच्या पटांगणात सतरंजी घातली होती. हार झाले, शालश्रीफळ झालं. एक नवे तरुण इंजिनिअर गॅसघराचा ताबा घेणार होते. रीतीप्रमाणे मिस्त्रींनी सामानाची यादी करून दिली होती, आणि त्यांचा हट्ट होता की ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचूनच सही व्हावी. इंजिनिअर उभे राहून वाचू लागले. पाने चौदा. व्होल्टमीटर दोन, पैकी एक खोटं बोलते. बादल्या सहा. लाकडी फळ्या चार. लोक हसत होते. इंजिनिअरही हसत होते. मग ते शेवटच्या ओळीशी आले आणि थांबले. मिस्त्रींचं अक्षर लागत नाही असं मला वाटलं. मग त्यांनी वाचलं:

‘‘मानसं बारा. सारी चालू.’’

सतरंजीच्या मागच्या बाजूला किसन उठून उभा राहिला. मग करीम. मग एकेक करत बाराहीजण उभे राहिले, कुणाचे केस पिकलेले, कुणाच्या कमरेत बाक आलेला. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती मी पुसत नव्हते. मिस्त्री खुर्चीवर ताठ बसून, दुकानदाराने माल दाखवावा तसे, नव्या साहेबांच्या तोंडाकडे बघत होते. त्या तरुण माणसाने बोट न उचलता, नुसत्या नजरेने, बाराही मोजले. मग खाली बसून यादीवर लिहिलं, ‘वरीलप्रमाणे सर्व मिळाले’, आणि सही केली.